टेलिफोनची वीज कोणाच्या घरची?

घरांतील कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या बिघडेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. समईला रोज तेल घालावें लागतें, म्हणून तिची आठवण रोज होते. नळ गळूं लागला तर घरांतील मंडळी बोलून दाखविते. परंतु कोपऱ्यांतील तिवईवर ठेवलेला तारेचा साधा टेलिफोन वर्षानुवर्षें कांहीं मागत नाहीं. त्याला किल्ली द्यावी लागत नाहीं, घरची वीजहि लागत नाहीं. बिल वेळेवर भरलें कीं तो रात्रंदिवस तयार. अशा निमूट सेवकाचा स्वभावच बदलणार असेल, तर तें घरांतील कर्त्या माणसांस आधीं कळावयास हवें. म्हणून या महिन्यांत या सदरासाठीं आम्हीं हा विषय घेतला आहे.

हा बदल सध्यां ब्रिटनमध्यें ठळकपणें चालू आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो देश आतां परका राहिलेला नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें. त्या काळीं विलायतेस जाणें म्हणजे परीक्षा देऊन परत येणें असाच सामान्य समज होता. आतां मुलगा तेथें नोकरीस, सूनहि नोकरीस, नातवंडें तेथल्याच शाळेंत, आणि आई-वडील कांहीं महिने तिकडे व कांहीं महिने इकडे, अशीं कुटुंबें अनेक आहेत. कित्येक वृद्ध जोडपीं तर कायमचीं तेथेंच राहूं लागलीं आहेत. सकाळीं तरुण माणसें घराबाहेर पडलीं कीं संध्याकाळपर्यंत त्या घरांत दोन म्हातारीं माणसें आणि एक टेलिफोन एवढेंच उरतें. प्रसंग पडल्यास तो टेलिफोन बोलेल कीं नाहीं, हा प्रश्न म्हणूनच आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

गोष्ट अशी आहे. ब्रिटनमधील टेलिफोन कंपन्यांनीं तांब्याच्या तारांवर चालणारें जुनें जाळें बंद करून सर्व संभाषण इंटरनेटच्या मार्गानें नेण्याचें ठरविलें आहे. हा सरकारी कायदा नव्हे. कंपन्यांनीं आपण होऊन घेतलेला निर्णय आहे. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तीं दुरुस्त करणारे जाणते लोक निवृत्त होत चालले, आणि बिघाड वाढूं लागले, हें त्याचें मुख्य कारण. आरंभीं यासाठीं २०२५ च्या अखेरची मुदत ठेवली होती. मे २०२४ मध्यें ती ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यांत आली. जुन्या पद्धतीची नवी जोडणी देणें तर सप्टेंबर २०२३ पासूनच थांबलें. एस्टोनिया व नेदरलँड्स हे देश या वाटेनें आधींच गेले आहेत. तेव्हां हें एका देशाचें खूळ आहे असें समजूं नये.

जुन्या व नव्या पद्धतींतील भेद समजून घेण्यास फार मोठें शास्त्र नको. आपल्याकडील दोन जुन्या कल्पना पुरेशा आहेत. ध्वनि कसा पसरतो हें सांगतांना आपल्या नैयायिकांनीं वीचितरंगन्याय सांगितला आहे. पाण्यांत खडा पडला म्हणजे एक लाट दुसरीस जन्म देते, दुसरी तिसरीस, आणि अशा रीतीनें ती कांठापर्यंत पोंचते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८७६ सालीं ज्या टेलिफोनचें पेटंट घेतलें, त्याची रीति याच जातीची आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाची लाट जशी वरखालीं होते, तशीच तारेंतील विजेची लाट वरखालीं होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानापाशीं तिचा पुन्हा आवाज होतो. लाटेचें चित्र लाटेनेंच काढावयाचें, ही ॲनलॉग पद्धति.

नव्या पद्धतींत लाट पाठवीत नाहींत. लाटेचें वर्णन पाठवितात. येथें पिंगलाचार्यांचें छंदःशास्त्र आपल्या मदतीस येतें. लघु व गुरु या दोनच चिन्हांच्या प्रस्तारांतून तीन अक्षरांचे आठ गण होतात, हें आपण शाळेंत शिकलों आहों. त्याच हिशेबानें आठ अक्षरांच्या एका चरणाचे २५६ प्रकार होतात. डिजिटल टेलिफोनची मूळ रीति नेमकी हीच. आवाजाची लाट किती उंच आहे हें यंत्र सेकंदास ८,००० वेळां मोजतें, आणि प्रत्येक वेळीं ती २५६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर आहे तें आठ चिन्हांच्या एका चरणांत लिहितें. म्हणजे एका सेकंदांत ६४,००० लघु-गुरु झाले. ही युक्ति ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानें १९३७ सालीं पॅरिस येथें काम करीत असतां काढली. कांहीं नव्या सेवांत मोजणी याहूनहि सूक्ष्म असते, परंतु तत्त्व तेंच.

येथें एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. टेलिफोनच्या एक्स्चेंजांचें आपसांतील दळणवळण पूर्वींच डिजिटल झालें आहे. ब्रिटनमध्यें तें काम गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत उरकलें. आपल्याकडेहि १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेचें पहिलें ग्रामीण डिजिटल एक्स्चेंज १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें सुरू झालें. जुनें राहिलें होतें तें एक्स्चेंजपासून आपल्या भिंतीपर्यंतचें शेवटचें अंतर. आतां बदलत आहे तें हेंच. आणि तें आपल्या उंबरठ्याच्या आंत येतें, म्हणूनच गृहस्थानें त्याचा विचार करावयाचा.

आवाजापुरतें पाहिलें तर या बदलांत तोटा नाहीं. खरखर कमी होते, शब्द स्वच्छ ऐकूं येतात, नको असलेल्या माणसांचे फोन अडविण्याची सोय बहुधा मिळते, आणि सामान्यतः नंबरहि तोच राहतो. मग काळजी कसली? काळजी आवाजाची नाहीं, विजेची आहे.

जुन्या तारेंतून केवळ आवाज येत नसे. वीजहि येत असे. एक्स्चेंजमध्यें मोठमोठ्या बॅटऱ्या मांडलेल्या असत. त्यांतून सुमारें ५० व्होल्टची वीज तारेनें घरोघरीं पोंचे आणि टेलिफोन तीवर चाले. गांवची वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्या आणि जनित्रें काम संभाळीत. म्हणून वादळांत सर्वत्र अंधार झाला असतां चांचपडत जाऊन रिसीव्हर कानास लावला, तरी तो ओळखीचा संथ स्वर ऐकूं येई. ही तरतूद आपल्यासाठीं दूर बसलेलें कोणी तरी करीत असे, आणि आपणांस तिची जाणीवहि नसे. नव्या पद्धतींत टेलिफोन राउटर नांवाच्या पेटीस जोडतात. ती पेटी घरच्या विजेवर चालते. कांचेच्या तंतूंतून प्रकाश येतो. टेलिफोन चालविण्याजोगी वीज येत नाहीं. अर्थात् घरचे दिवे गेले कीं पेटी बंद, आणि पेटी बंद कीं टेलिफोन मुका. घरभर हातांत घेऊन फिरावयाचे जे बिनतारी टेलिफोन असतात, त्यांना ही अडचण पूर्वींपासूनच होती. तारेचा साधा टेलिफोन मात्र तिच्यांतून मुक्त होता.

थोडक्यांत सांगावयाचें तर, टेलिफोन जागा ठेवण्याची जबाबदारी एक्स्चेंजवरून उठली आणि घरावर आली. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें एवढेंच. बाकीचें सर्व या एका वाक्याचा विस्तार आहे.

ही भीति कल्पनेंतील नव्हे. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ‘आर्वेन’ नांवाचें वादळ स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडवर आलें. दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली, आणि त्यांपैकीं कांहीं हजार घरांस ती आठवड्याहून अधिक काळ मिळाली नाहीं. पुढें फेब्रुवारी २०२२ मध्यें ‘युनिस’ नांवाचें दुसरें वादळ झालें. या अनुभवानंतर मार्च २०२२ मध्यें बी. टी. या तेथील मोठ्या कंपनीनें घरोघरचा बदल कांहीं काळ थांबविला. वीज नसलेल्या घरांतून मदतीस हांक कशी मारावयाची, या प्रश्नाचें पुरेसें उत्तर लोकांपुढें ठेवल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हतें.

याहून गंभीर गोष्ट पुढें आली ती गळ्यांतील कळीची. ब्रिटनमध्यें वृद्ध व आजारी माणसांसाठीं एक सोय आहे. गळ्यांत किंवा मनगटावर एक लहानशी कळ असते. पडल्यास अथवा छातींत दुखूं लागल्यास ती दाबली कीं टेलिफोनच्या तारेनें मदत-केंद्राशीं बोलणें सुरू होतें. अशा सोयीवर सुमारें १८ लक्ष माणसें अवलंबून आहेत. टेलिफोनची पद्धति बदलल्यावर यांपैकीं कांहीं घरांतील कळी निकामी झाल्याचें उघडकीस आलें. न्हाणीघरांत पडलेल्या माणसानें कळ दाबावी आणि पलीकडे कोणासच ऐकूं जाऊं नये, यापेक्षां भयंकर गोष्ट ती कोणती? डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें प्रमुख कंपन्यांस एकत्र बोलाविलें व त्यांनीं एक सनद मान्य केली. बदल झाल्यावरहि कळ चालेल याची खात्री केल्याशिवाय अशा माणसाची जोडणी सक्तीनें बदलावयाची नाहीं, असें तींत ठरलें. सनद चांगली आहे. परंतु आपल्या घरांत अशी कळ आहे हें कंपनीस ठाऊक असेल तरच तिचा उपयोग.

आतां घरानें काय करावें तें सांगतों.

पहिली गोष्ट मोजदादीची. एका कागदावर घरांतील ज्या ज्या वस्तु टेलिफोनच्या तारेस जोडलेल्या आहेत त्या लिहून काढाव्या. बैठकींतील टेलिफोन सर्वांस आठवतो. परंतु माडीवरील दुसरा टेलिफोन, आजोबांच्या गळ्यांतील कळ, चोरांची सूचना देणारी घंटा, एखादें जुनें फॅक्स यंत्र, या वस्तु विसरल्या जातात. चकती फिरवून नंबर लावण्याचा जुना टेलिफोन नव्या पेटीवर बहुधा चालत नाहीं. निरनिराळ्या खोल्यांतून भिंतींत बसविलेलीं जोड-टोकेंहि मुकीं होऊं शकतात. त्यांच्यासाठीं वेगळें जोडयंत्र किंवा बिनतारी टेलिफोन घ्यावा लागतो. कळ आणि घंटा ज्यांनीं पुरविली असेल त्यांसहि बदलाची तारीख आधीं कळवावी. टेलिफोन कंपनीस सांगितलें म्हणजे त्यांस आपोआप कळतें असें नाहीं.

दुसरी गोष्ट कंपनीस आपण होऊन सांगण्याची. घरांत वृद्ध माणूस आहे, आजारपण आहे, मोबाइल लागत नाहीं किंवा वापरतां येत नाहीं, हें सांगण्यांत कमीपणा मानूं नये. आपल्या लोकांस घरची अडचण परक्यापुढें मांडण्याचा संकोच असतो. येथें तो घातक आहे. जो केवळ घरच्या टेलिफोनवरच अवलंबून आहे, त्यास वीज गेल्यावर निदान एक तास तरी मदतीसाठीं फोन करतां येईल अशी सोय कंपनीनें फुकट दिली पाहिजे, असें ऑफकॉम या तेथील नियामक संस्थेचें मार्गदर्शन आहे. ही सोय बॅटरीची असेल किंवा साध्या मोबाइलची असेल. मात्र एक तास म्हणजे एकच तास, हें ध्यानांत ठेवावें. ज्या भागांत वीज वरचेवर जाते, तेथें अधिक काळ टिकणारी बॅटरी आपल्या खर्चानें घेणें शहाणपणाचें. आणखी एक बारीक गोष्ट: कांचेच्या तंतूची जोडणी असेल तर घरांत बहुधा दोन पेट्या असतात, एक तंतू जेथें आंत येतो तेथील व दुसरी राउटरची. दोहोंसहि वीज लागते. एकीलाच बॅटरी लावून उपयोग नाहीं.

तिसरी गोष्ट जागेची. राउटर पुष्कळदां जिन्याखालीं, दाराशीं किंवा माडीवर मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत असतो. टेलिफोन त्याच्या पाठीमागें जोडावयाचा म्हटलें म्हणजे तो आजीच्या खुर्चीजवळून उठून जिना चढून जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसास तो असून नसल्यासारखा. वाटेंत लोंबती दोरी सोडणें तर मुळींच नको. तींत पाय अडकून माणूस पडावयाचें. टेलिफोन रात्रीं हात लांबविला तर लागेल इतका जवळ असावा, आणि त्यासाठीं काय विकत घ्यावें लागेल तें बदलाच्या आधींच ठरवावें.

चौथी गोष्ट चाचणीची. बदल झाला त्याच दिवशीं, तो करणारा माणूस घरांत असतांनाच, टेलिफोन लावून पाहावा आणि गळ्यांतील कळ दाबून पाहावी. मदत-केंद्राकडून उत्तर आल्याशिवाय त्यास जाऊं देऊं नये. नंतर पेट्यांच्या पिना काढून, वीज गेली असतां काय चालतें व काय थांबतें तेंहि पाहावें. नव्या पद्धतींत गांवांतल्या गांवांत फोन करतांनाहि बहुधा गांवाच्या आंकड्यासह पूर्ण नंबर लावावा लागतो. वर्षानुवर्षें सवयीचे झालेले आखूड नंबर आजीच्या वहींत असतील, ते नातवानें बसून पूर्ण करून द्यावे, व मोठ्या अक्षरांत लिहावे. पेटी उचलून दुसऱ्या घरीं नेऊन लावूं नये; संकटाचा फोन आला तर मदत जुन्या पत्त्यावर जावयाची.

पांचवी गोष्ट शब्दांची, आणि आमच्या मतें ती सर्वांत दुर्लक्षित आहे. ब्रिटनमध्यें संकटाचा नंबर ९९९. तो १९३७ सालीं लंडनमध्यें प्रथम सुरू झाला. तेथें प्रथम विचारतात तें कोणती मदत पाहिजे हें: पोलीस, बंब कीं रुग्णवाहिका. ज्या गृहिणीचें सर्व आयुष्य मराठींत गेलें, तिला घाबरलेल्या स्थितींत इंग्रजी उच्चार कळणें कठीण. म्हणून टेलिफोनजवळ एक जाड कागद लावून त्यावर देवनागरींतच ‘ॲम्ब्युलन्स’, घराचा क्रमांक, रस्ता, पोस्टकोड, आणि ‘माझे पती पडले आहेत’ अशा दोन-तीन वाक्यांचें इंग्रजी लिहून ठेवावें. महिन्यांतून एकदां तोंडी सराव करावा; नंबर मात्र सरावासाठीं कधींहि लावूं नये. वीज गेल्याची तक्रार करण्यासाठीं इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्यें १०५ हा नंबर आहे, तोहि त्याच कागदावर लिहावा. वृद्ध अथवा आजारी माणसांसाठीं वीज कंपन्या एक अग्रक्रमाची यादी ठेवतात. तींत नांव नोंदविण्यास पैसे पडत नाहींत.

यावर तरुण मंडळी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आहे.’ मोबाइल असावा, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु ज्या मनोऱ्यांवरून मोबाइल चालतो त्यांनाहि वीज लागते, आणि मोठ्या वादळांत तेहि कांहीं तासांनीं बंद पडतात. कित्येक खेड्यांत व जाड भिंतींच्या घरांत मोबाइलचा आवाज पोंचत नाहीं. शिवाय थरथरत्या बोटांनीं गुळगुळीत कांचेवर नंबर शोधणें, आणि चष्मा नसतांना रात्रीं दोन वाजतां शोधणें, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. मोबाइल हा दुसरा आधार म्हणून ठेवावा. एकुलता एक आधार म्हणून नव्हे. तो रोज एकाच जागीं, एकाच वेळीं विजेस लावण्याचा नेम ठेवला तरच तोहि उपयोगी.

एक सावधगिरीची सूचना येथेंच देतों. असा मोठा बदल चालू असला म्हणजे ठकांस पर्वणी मिळते. ‘आपली जोडणी बदलावयाची आहे, अमुक रक्कम आत्तांच भरा, बँकेचा नंबर सांगा’ असे फोन वृद्ध माणसांस येतात. हा बदल करून देण्यासाठीं टेलिफोनवरून पैसे मागणारा माणूस ठक समजावा. घरांतील वडील मंडळीस एकच उत्तर शिकवून ठेवावें: ‘माझ्या मुलाशीं बोला’ असें म्हणून रिसीव्हर खालीं ठेवावा, आणि मुलानें बिलावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी. अधिक बोलण्यांतच फसगत असते.

हें सर्व वाचून पुण्या-मुंबईंतील, नागपुरांतील अथवा पणजींतील वाचक म्हणतील कीं, हें विलायतेचें झालें. आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या देशांत टेलिफोनचीं पहिलीं एक्स्चेंजें १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें सुरू झालीं. म्हणजे तांब्याच्या तारेचा आपला संसारहि लहान नाहीं. आज भारत संचार निगम व इतर कंपन्या घरोघरीं कांचेचा तंतु देत आहेत, आणि जुन्या जोडण्या एकामागून एक त्यावर जात आहेत. पावसाळ्यांत भिजलेल्या तारेची खरखर ज्यांनीं सोसली आहे त्यांना हा बदल हवासाच वाटेल. परंतु विजेचा नियम येथेंहि तोच. फरक इतकाच कीं, वीज जाणें ही ब्रिटनमध्यें आपत्ति मानतात. आपल्याकडे कित्येक गांवीं ती वारांप्रमाणें ठरलेली असते. आपल्या पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आहे. पण त्यावर दिवे आणि पंखे घेतलेले असतात, टेलिफोनच्या पेट्या राहून जातात. तंतु बसवावयास माणूस येईल त्या दिवशींच त्या पेट्यांची पिन इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावी. इन्व्हर्टर नसेल तेथें केवळ राउटरसाठीं लहान बॅटरी बाजारांत मिळते. संकटाचा नंबर आपल्याकडे ११२ आणि महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेचा १०८. तेहि त्याच जाड कागदावर असावे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत व जे स्वतः येथें एकटे राहतात, अशा दांपत्यांस तर ही तजवीज अधिकच आवश्यक. कारण तिकडून मुलगा फोन करीत राहतो, इकडे तो वाजत नाहीं, आणि दोन्हीं टोकांस जीव टांगणीस लागतो.

जुन्याविषयींच्या प्रेमानें नव्याचा द्वेष करावा असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. जुलै २०१३ मध्यें आपल्याकडील तारसेवा बंद झाली, तेव्हां कित्येकांस हळहळ वाटली. पण कोणाचें काम अडलें नाहीं, कारण तिची जागा दुसऱ्या साधनांनीं आधींच घेतली होती. टेलिफोनचें तसें नाहीं. येथें साधन तेंच राहतें, दिसतें तेंच, वाजतें तसेंच. फक्त त्याच्या पाठीशीं असलेला आधार निघून जातो. डोळ्यांना न दिसणारा असा बदल घरांतील शिकलेल्या माणसांनींच न शिकलेल्यांस समजावून द्यावयास हवा. एखादी आजी नातवास म्हणेल, ‘अरे, तुझ्या त्या पेटीचें मला कांहीं सांगूं नकोस, रात्रीं दिवे गेले तर कोणाला नि कशी हांक मारायची, तेवढें दाखव.’ तिचें म्हणणें अगदीं रास्त आहे. तिला लघु-गुरूंचा प्रस्तार समजावयाची गरज नाहीं. तिच्या या एका प्रश्नास घरानें नेमकें उत्तर दिलें पाहिजे.

आणि तें कोणी द्यावयाचें हेंहि ठरलेलें असावें. मोठ्या घरांत दहा माणसें असलीं म्हणजे प्रत्येकास वाटतें, दुसरा कोणी पाहील. लहान घरांत दोघांसहि वेळ नसतो. दोन्हीं ठिकाणीं परिणाम एकच. म्हणून घरांतील एका माणसाचें नांव या कामास लावावें, मग तो मुलगा असो, सून असो कीं कॉलेजांत जाणारी नात असो. कंपनीचें पत्र आलें कीं तें त्याच्याच हातीं द्यावें. बॅटरी कायमची टिकत नाहीं. वर्षांतून एकदां तरी ती पारखून घ्यावी लागते. त्यासाठीं वेगळा दिवस शोधण्याचें कारण नाहीं. खंडेनवमीस आपण घरांतील हत्यारें व यंत्रें पुसून त्यांवर फूल ठेवतों. त्याच दिवशीं या पेट्यांवरची धूळ पुसावी, भिंतींतील पिन काढावी, बॅटरीवर टेलिफोन किती वेळ चालतो तें घड्याळ लावून पाहावें, आणि तो आंकडा भिंतीवरच्या जाड कागदावर लिहून ठेवावा.